साबण-उटण्याचं टेबल: सोलापुरातल्या प्रदर्शनात स्टॉल लावणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गौरी-गणपती उठले की माझा फोन सुरू होतो. "ताई, दिवाळीच्या प्रदर्शनात टेबल घेतलंय, त्यावर मांडू काय?" विचारणाऱ्या बहुतेक जणी बचतगटातल्या, काही नुकतंच कॉलेज संपवलेल्या मुली, आणि हल्ली एक-दोन निवृत्त काकाही. तीच तीच उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. मी साबण, उटणं, बाम आणि केसांचं तेल बनवते. सुरुवात जुळे सोलापुरातल्या स्वयंपाकघरात झाली, आता परवाना घेतलेली वेगळी खोली आहे. ही उत्तरं इथलं ऊन, इथली धूळ, इथलं पाणी आणि इथलं गिऱ्हाईक धरून आहेत. एसी हॉलमध्ये स्टॉल लावणाऱ्यांना यातलं निम्मं लागू पडणार नाही.

टेबल केवढं मिळतं? आधी काय तयारी करू?

मंडपवाल्याचं नेहमीचं टेबल सहा फूट बाय दोन फूट, कधी अडीच. तरी आयोजकांना फोन करून विचाराच, कारण एकदा मला "एक टेबल" म्हणून निम्मंच टेबल मिळालं होतं आणि उरलेल्या अर्ध्यावर लोणच्याच्या बरण्या होत्या.

घरी फरशीवर खडूने तेवढाच चौकोन आखा आणि आठवडाभर आधी सगळा माल त्यात मांडून बघा. मनासारखं झालं की उभं राहून, गिऱ्हाईक जिथून बघणार तिथून, मोबाईलवर फोटो काढा. प्रदर्शनाच्या सकाळी तो फोटो समोर ठेवला की पंधरा मिनिटांत मांडणी होते. नाहीतर पाहुणे येतात, फीत कापतात, निघूनही जातात आणि आपण अजून खोक्यात डोकं घालून कात्री शोधतोय.

पिशवीत पुठ्ठ्याचे चार तुकडेही टाका. डुगडुगणाऱ्या पायाखाली लागतात.

टेबलावर सोलापुरी चादर अंथरली तर छान दिसेल ना?

हा मोह प्रत्येकीला होतो, मलाही झाला होता. चादर सुंदर असते यात वाद नाही. पण तिची नक्षी ठळक, रंग भडक, आणि आपला साबण केवढा, तर तळहाताएवढा. लाल-काळ्या चौकटींवर बारा साबण ठेवले की दहा पावलांवरून फक्त चादर दिसते. माझ्या पहिल्या प्रदर्शनात तीन बायकांनी मला चादरीचा भाव विचारला. साबणाचा एकीनेही नाही.

आता मी वरच्या फळीवर साधं मांजरपाट किंवा फिक्या रंगाचं खादीचं कापड घालते आणि चादर टेबलाच्या पुढून खाली, पार जमिनीपर्यंत सोडते. तिथे ती शोभते. शिवाय टेबलाखालची खोकी, डबा, पाण्याची कळशी, सगळा पसारा तिच्यामागे झाकला जातो, आणि बघणाऱ्याला लांबूनच कळतं की ही बाई इथलीच. वरचं कापड दोन घ्या. तेलाचा डाग दुपारपर्यंत पडतोच.

चादर घेताना आपल्या गावच्या मागवाल्याकडून, कारखान्याच्या दुकानातून घ्या. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी तिच्या नावाने बाहेरचा माल सर्रास विकला जातो. आपण हाताने बनवलेलं विकणार आणि खाली नक्कल अंथरणार, हे काही बरं नाही.

किती प्रकार मांडावेत?

पाच. फार तर सात. "ताई, माझ्याकडे अठरा सुवासांचे साबण आहेत" असं सांगणाऱ्या मुलीला मी विचारते, की तुला स्वतःला त्यातले किती डोळे मिटून ओळखता येतात? गिऱ्हाईक तीन वास घेतं, चौथ्याला नाक थकतं, पाचव्याला ते "येते परत" म्हणून पुढच्या स्टॉलवर जातं. ते परत येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

एका प्रकाराचे मात्र भरपूर नग ठेवा. दोनच साबण उरलेले दिसले की लोक हात लावायला बिचकतात. रास दिसली की उचलतात. सुपात उभे रचलेले वीस हळदी-चंदनाचे साबण, शेजारी दुरडीत उटण्याच्या पुड्या, एवढ्यावर माझं टेबल भरलेलं वाटतं. बाकीचं खाली खोक्यात. संपेल तसं वर काढायचं.

सगळं सपाट दिसतं. उंची कशी आणू?

घरातला पाट आणि चौरंग. विकतचे अॅक्रिलिकचे जिने आणू नका, ते मोबाईलच्या दुकानातले वाटतात. मागे चौरंग, मध्ये पाट, पुढे थेट टेबल: तीन पायऱ्या झाल्या. आजीच्या काळातली पितळी मापं, शेर-मापटं, घरात पडून असतील तर त्यात उटणं किंवा मुलतानी माती भरून ठेवा. एक सूचना मात्र ऐका. ती मापं फक्त दिसण्यापुरती. सुटा माल तोलून विकणार असाल तर वैधमापन विभागाने पडताळून शिक्का मारलेला काटाच लागतो. मी सुटं विकतच नाही, आधीच पुड्या बांधून नेते.

सर्वांत उंच वस्तू टेबलाच्या मध्यावर नको, एका कडेला ठेवा. मध्ये ठेवली तर तुमचा चेहराच झाकला जातो, आणि गिऱ्हाईक वस्तूच्या आधी बनवणारीचं तोंड बघतं.

सजावटीला एक-दोन ज्वारीची कणसं पुरेत. प्लॅस्टिकची फुलं नकोत. खरी फुलं तीन तासांत मान टाकतात आणि मग टेबल सुतकी दिसतं.

लोक नुसते बघून पुढे जातात. थांबवायचे कसे?

घंगाळ.

थट्टा नाही. माझ्या टेबलाच्या डाव्या टोकाला एक छोटं तांब्याचं घंगाळ, शेजारी तांब्याभर पाणी, साबणाची एक उघडी वडी आणि सोलापुरी नॅपकिनची चळत असते. कोणी रेंगाळलं की मी एवढंच म्हणते, "हात धुऊन बघा की." उन्हातून, धुळीतून आलेल्या माणसाला हात धुवायला मिळणं हेच आधी बरं वाटतं. ते साबण फिरवतात, फेस बघतात, हात हुंगतात. तोवर त्यांच्या मागे आणखी दोघी उभ्या राहिलेल्या असतात, कारण घोळका दिसला की काय चाललंय ते बघायला माणूस थांबतोच.

आणि इथे सोलापूरचा खास प्रश्न येतो. तो पुढे वेगळा घेतला आहे, कारण यावर विक्री अडते.

"बोअरच्या पाण्यात फेस येतो का?" याला काय उत्तर देऊ?

आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. मधले दिवस बोअरवर. बोअरचं पाणी जड: त्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांशी साबण जोडला जातो आणि फेसाऐवजी पांढरट साका धरतो. बादलीच्या कडेला जो चिकट थर बसतो, तो हाच. त्यामुळे गिऱ्हाइकाचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि "हो हो, येतो" म्हणून टोलवला तर ती बाई घरी जाऊन खरं-खोटं करणारच.

म्हणून घंगाळातलं पाणी मी मुद्दाम बोअरचं नेते. बाटलीवर तसं लिहिलेलं असतं. खोबरेल जास्त असलेला साबण जड पाण्यातही बऱ्यापैकी फेसाळतो. नुसत्या ऑलिव्ह तेलाचा साबण तिथे मान टाकतो. म्हणून सोलापुरात विकायच्या वडीत मी खोबरेलाचा वाटा वाढवलाय. पण खोबरेल फार झालं की अंग कोरडं पडतं, ते शेवटी थोडं एरंडेल आणि करडईचं तेल घालून सांभाळावं लागतं. हे सगळं गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं. फेस दाखवायचा.

टेस्टर कसे ठेवू? सगळे बोटं घालतात.

घालू द्यायची नाहीत. बामच्या डबीत एक बोट गेलं की ती डबी संपली असं समजा. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एका पेल्यात, वापरलेल्यांसाठी दुसरा पेला. काडीने घेऊन तुम्हीच त्यांच्या मनगटावर लावा. टेस्टरवर "टेस्टर" असं ठसठशीत लिहा, नाहीतर संध्याकाळच्या गर्दीत तीच डबी पिशवीत भरून दिली जाते. होतं असं.

उटणं मी कोरडंच चिमूटभर देते. भिजवून दाखवलं की वाटीत तासाभरात आंबूस वास येतो.

चेहऱ्यावर लावून बघायचा आग्रह कोणी केला तरी नाही म्हणा. घरी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबायला सांगा. लिंबाच्या सालीचं दाबून काढलेलं तेल घातलेलं काही अंगावर लावून आपल्या उन्हात हिंडलं तर कातडी भाजल्यासारखी होऊ शकते, म्हणून ते मी अंगावर राहणाऱ्या कुठल्याच वस्तूत घालत नाही.

उन्हात माल वितळतो. काय करावं?

आता माझी फजिती ऐका. एप्रिलातलं प्रदर्शन, उघडं मैदान, वर पत्रा. चाळीस लिपबाम घेऊन गेले होते. अकराला मांडले, सुरेख दिसत होते. दीडच्या सुमारास एका मुलीने टोपण उघडलं आणि आतलं सगळं तिच्या पांढऱ्या ओढणीवर. ओढणीचे पैसे दिले, माफी मागितली, उरलेले एकोणचाळीस पिशवीत भरले. संध्याकाळी गार झाल्यावर ते पुन्हा घट्ट झाले खरे, पण आत रव्यासारखे दाणे धरले होते. शिया बटर वितळून सावकाश गार झालं की ते असं रवाळ होतं. एकही विकता आला नाही.

चूक माझीच होती. खोबरेल २४-२५ अंशांवरच पातळ होतं. शिया आणि कोको बटर पस्तिशीच्या आसपास ढिलं पडतं. मधमाशीचं मेण मात्र ६२ अंशांपुढे वितळतं. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे सावलीतला पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखाली त्याहून वर जातो. म्हणजे बामला धरून ठेवणारं मेणच काय ते. उन्हाळ्यासाठी मी मेणाचं प्रमाण पाच-सात टक्क्यांनी वाढवते, आणि तरीही टेबलावर फक्त दोन रिकाम्या डब्या आणि एक टेस्टर ठेवते. माल खाली थर्माकोलच्या खोक्यात, बर्फाच्या पिशव्यांवर फडकं घालून.

साबणाला उन्हाने तसं काही होत नाही, फक्त रंग उडतो. हळदीचा पिवळा तर दोन दिवसांत फिका पडतो. ग्लिसरिनचे पारदर्शक साबण उन्हाळ्यात ठीक, पण पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढून घामेजतात, त्यांना घट्ट प्लॅस्टिकमध्येच गुंडाळा. माझं सरळ मत: मार्च ते जूनमध्ये उघड्या मैदानावर स्टॉल घ्यायचा असेल तर साबण, उटणं, मुलतानी माती, शिकेकाई एवढंच न्या.

कोरफडीची ताजी जेल नेऊ का? लोक मागतात.

नका नेऊ. पाणी असलेली कोणतीही वस्तू, मग ती जेल असो, क्रीम असो की गुलाबपाणी, योग्य प्रिझर्व्हेटिव्हशिवाय टिकत नाही. "मी व्हिटॅमिन ई घातलंय" असं सांगणाऱ्या पुष्कळ भेटतात. व्हिटॅमिन ई तेलाला लवकर खवट होऊ देत नाही, पण बुरशीला ते काहीच करत नाही.

धूळ आणि वारा?

दुपारी तीननंतर मैदानावर भोवरे उठतात. उघड्या साबणावर धूळ बसली की ती पुसून निघत नाही, रुतते. म्हणून विकायच्या सगळ्या वड्या गुंडाळलेल्या आणि प्रकारागणिक फक्त एक उघडी. किमतीची कार्डं उडतात, त्यांना भेगा पाडलेल्या साबणाच्याच तुकड्यांत उभं करा. हे फुकट होतं आणि दिसतंही झकास. कापडाच्या चार टोकांना चिमटे.

लाइट आयोजक देतात. वेगळा न्यायचा का?

न्यायचाच. मंडपाचं कापड गुलाबी असेल तर टेबलावरचं सगळं गुलाबी दिसतं, निळं असेल तर उटणं सिमेंटसारखं. एक क्लिपचा एलईडी दिवा, फार पांढरा नाही, फार पिवळा नाही, आणि दहा-बारा फुटांची एक्स्टेन्शन वायर. वीज जाते तेव्हासाठी चार्जिंगचा दिवा.

दर किती लावू? सोलापूरकर घासाघीस करतातच.

करतात, आणि गोड बोलून करतात. "काय ओ ताई, साबणाला एवढं सांगलालाव होय?" यात राग नसतो, ती बोलायची सुरुवात असते. दर मात्र प्रत्येक वस्तूपुढे लिहिलेला हवा. विचारायला लागलं की निम्मी माणसं संकोचून निघून जातात, विशेषतः पुरुष.

एका वडीवर सूट देऊ नका, तीन घेतल्यावर द्या. ते कार्डावर आधीच लिहा, म्हणजे सूट मागून मिळाली असं वाटायच्या ऐवजी नियम वाटतो. कोणी फारच अडून बसलं तर मी पैसे कमी करत नाही, कापताना उरलेला कडेचा छोटा तुकडा हातावर ठेवते. तो तुकडा घेऊन गेलेल्या बायकाच पुढच्या वर्षी आधी येतात.

हिशोब घरीच करून जा. समजा टेबलाचं भाडं १,५०० रुपये आणि एका वडीमागे सगळा खर्च वजा जाता ४० रुपये सुटतात. म्हणजे ३८ वड्या खपेपर्यंत तुम्ही मंडपवाल्यासाठी काम करताय. रिक्षा, डबा आणि सोबतच्या मुलीची हजेरी यात धरलेलीच नाही.

घरगुती मालाला परवाना लागतो का? सगळ्या तर तशाच विकतात.

लागतो. हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा, आणि नेहमी आवाज खाली करून विचारला जातो.

अंगाला लावायचा साबण, क्रीम, बाम ही कायद्याने सौंदर्यप्रसाधनं. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालचे २०२० चे सौंदर्यप्रसाधने नियम त्यांना लागू होतात. विक्रीसाठी बनवायचं तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून उत्पादनाचा परवाना हवा. तो सीओएस-८ या नमुन्यात मिळतो. घरी बनवलं, थोडंच बनवलं, बचतगटाने बनवलं म्हणून सूट मिळत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, मोफत होते, ती जरूर करा, पण ती म्हणजे हा परवाना नव्हे. पुष्कळजणींची इथेच गल्लत होते.

जागा, यंत्रं, तांत्रिक माणूस हे सगळं एकटीला झेपत नसेल तर दुसरा रस्ता आहे: ज्यांच्याकडे परवाना आहे अशा उत्पादकाच्या जागेत आपला माल बनवून घेणं. त्यासाठी सीओएस-९ नमुन्यातला लोन लायसन्स असतो. चार-पाच जणींनी मिळून एक जागा उभी करणंही जमतं. आयुर्वेदिक औषध म्हणून विकायचं असेल तर तो वेगळा परवाना. मी हे पहिल्या दोन वर्षांत केलं नव्हतं. नशीब, कोणी काही विचारलं नाही. पण त्या दोन वर्षांत प्रदर्शनात कोणी फाईल घेऊन फिरताना दिसलं की माझ्या पोटात गोळा यायचा, आणि पोटात गोळा घेऊन हसतमुखाने साबण विकता येत नाही.

लेबलवर काय-काय हवं?

वस्तूचं नाव, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं, घटकांची यादी, निव्वळ वजन. शिवाय २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या वजन-माप नियमांप्रमाणे सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क. छापील किमतीपेक्षा कमीला विकता येतं, जास्तीला नाही.

वजनाची एक गोम. थंड पद्धतीचा, म्हणजे न शिजवता केलेला, साबण ओतल्यावर चार ते सहा आठवडे सुकवावा लागतो आणि त्या काळात त्यातलं पाणी उडून वडी हलकी होते. साच्यातलं वजन लेबलवर छापलं तर तुम्ही कमी माल देताय. सुकल्यावर तोला. दिवाळीचा साबण कधी ओतायचा याचं माझं सोपं गणित आहे: गणपती बसले की ओतायचा. अभ्यंगस्नानापर्यंत सात-आठ आठवडे मिळतात.

बोर्डावर "केमिकल-फ्री" लिहू का?

नको. पाणी हेसुद्धा केमिकलच, आणि वडीचा खरा साबण कॉस्टिक सोड्याशिवाय बनतच नाही. एखाद्या रसायनशास्त्राच्या मास्तरीणबाईंनी चारचौघांत पकडलं तर काय सांगाल? खरं ते सांगा: तेल आणि कॉस्टिकचा संयोग होऊन साबण बनतो, मोजमाप नीट असेल आणि वडी पुरेशी सुकवली असेल तर कॉस्टिक शिल्लक राहत नाही. एवढं शांतपणे सांगितलं की लोकांचा विश्वास वाढतोच.

"पिंपल्स बरे होतात", "इसब जातो" हेही नको, ते औषधाचे दावे झाले. कोडासारख्या आजारावर उपाय म्हणून जाहिरात करायला तर १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचारांच्या जाहिरातींवरच्या कायद्यानेच बंदी आहे. "गोरं करतं" यावर कायदा काय म्हणतो ते राहू द्या. सावळ्या पोरीच्या तोंडावर तिला असलं काही विकणं मला जमत नाही.

बोर्डावर काय बनवता ते मोठं आणि नाव त्याहून लहान. "हाताने बनवलेले साबण आणि उटणं" हे दहा पावलांवरून वाचता आलं पाहिजे. ब्रँडचं नाव वळणदार इंग्रजी अक्षरांत आणि खाली काहीच नाही, असे बोर्ड मी पुष्कळ पाहिलेत. लोकांना वाटतं मेणबत्त्या आहेत.

गिऱ्हाइकाशी कोणत्या भाषेत बोलू?

त्याच्या. आपल्या शहराच्या पूर्व भागातून आलेल्या मावशी तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडच्या कन्नड, शिवाय उर्दू-हिंदी आहेच. चार शब्द पाठ करा. तेलुगूत "वासना चूडंडी", कन्नडमध्ये "वासने नोडी": दोन्हींचा अर्थ वास घेऊन बघा. पहिल्यांदा मी हे म्हटलं तेव्हा शेजारच्या स्टॉलवरचे मराठी काका दचकून माझ्याकडे बघायला लागले. आपल्याकडे वासना म्हणजे भलतंच. "एंता" किंवा "एष्टु" ऐकू आलं की किंमत विचारताहेत. तुमचा उच्चार चुकला तर त्या हसतात, आणि हसलेलं गिऱ्हाईक सहसा रिकाम्या हाताने जात नाही.

सोलापुरात स्टॉल लावायला कोणता काळ बरा?

दिवाळीआधीचे तीन आठवडे. उटणं आणि साबण त्या दिवसांत समजावून सांगावं लागत नाही. हॉलमधलं प्रदर्शन मिळालं तर सोनं.

दुसरा मोसम संक्रांतीचा, आणि तो बहुतेकींच्या लक्षातच येत नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालतात आणि प्रत्येकीला वाण लुटायला पन्नास-शंभर नग हवे असतात. पंचवीस-तीस ग्रॅमची छोटी वडी, छान कागदात. डिसेंबरच्या प्रदर्शनात टेबलावर "वाणासाठी ऑर्डर घेतो" एवढी पाटी लावा आणि वही उघडी ठेवा. माझं जानेवारीचं निम्मं काम त्या वहीतून येतं.

गड्ड्यावर स्टॉल घ्यावा का, असं दरवर्षी कोणीतरी विचारतंच. गड्ड्याला, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला, गर्दी अफाट, पण ती पाळण्यांना, भेळेला, खेळण्यांना आलेली असते. तिथे निवांत साबण हुंगायला कोणाला सवड आहे? स्वस्त आणि पटकन उचलण्यासारखं काही असेल तर जा.

भेट म्हणून देण्यासारखं पॅकिंग?

सोलापुरी टेरी नॅपकिनमध्ये एक साबण आणि उटण्याची पुडी गुंडाळायची, सुतळीने बांधायचं. खोकं नाही, प्लॅस्टिक नाही, आणि पॅकिंगच वापरात येतं. बाहेरगावी लेकीकडे निघालेल्या आया हे हटकून घेतात. कारखान्यातून डझनाने घेतले तर नॅपकिन परवडतात.

सुट्टे पैसे, क्यूआर कोड?

दोन्ही. क्यूआर कोड दोन जागी चिकटवा. गर्दीत नेटवर्क बसतं, त्यामुळे पैसे आल्याचा मेसेज दिसेपर्यंत पिशवी हातात देऊ नका. दहा-वीसच्या नोटा आदल्या दिवशीच जमवा.

जेवणाचं काय करता?

टेबलावर जेवायचं नाही. घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली तर आळीपाळीने मंडपाच्या मागे जाऊन खा आणि घंगाळात नाही, नळावर हात धुवा. चटणीतला लसूण बोटांना तासभर सोडत नाही. चंदनाची वडी उचलून दिल्यावर गिऱ्हाइकाने नाक मुरडलं, तर तो दोष चंदनाचा नसतो. याच कारणासाठी शेजारी अगरबत्तीवाला आला तर आयोजकांना सांगून जागा बदलून घ्या.

पहिल्या दिवशी काहीच खपलं नाही तर?

रात्री माल मोजा, पण रडत बसू नका. दुसऱ्या दिवशी मांडणी हलवा. एका वर्षी दुपारपर्यंत माझी भवानीही झाली नव्हती. शेजारच्या पापडवाल्या मावशी म्हणाल्या, "अगं, माणसं उजवीकडून येताहेत आणि तुझं घंगाळ डावीकडे. त्यांना दिसतं तोवर ती पुढे गेलेली असतात." उठून, भरलेलं घंगाळ दोघींनी धरून दुसऱ्या टोकाला नेलं. निम्मं पाणी माझ्या पायांवर सांडलं. पाय पुसत होते तोवर एका आजींनी पदर खोचला आणि साबण हातात घेतला.